गोळ्याचा रंग

अकरावीच्या पहिल्या तासाला उत्तरवार मॅडम स्वतःच्या डोक्यावर कप उलटा करायच्या. कप म्हणजे चहाच्या टपरीवरचा कागदी कप. त्यात पाण्यासारखा दिसणारा द्रव, सगळ्या वर्गादेखत ओतलेला. ड्रॉपरनं सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकायच्या, काचकांडीनं दोन फेरे द्यायच्या आणि कप टेबलावर ठेवून हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. "आता कुणी बोलायचं न्हाई. नुसतं बघायचं." कप तापायचा, आतला द्रव गढुळायचा आणि बघता बघता सगळं घट्ट दगड होऊन बसायचं. मग मॅडम तो कप उचलून, भरपूर तेल लावलेल्या, अबोलीचा गजरा माळलेल्या आपल्या डोक्यावर नेऊन उपडा करायच्या. मुली किंचाळायच्या. खाली थेंब पडायचा नाही.

"बघितलं का?"

"हो मॅडम!"

"डोळ्यानं बघितलं का शेजारणीनं सांगितलं?"

"डोळ्यानं!"

"मग लिहा आता."

नायगावच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्राची दुसरी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा हे सगळं मी शेवटच्या बाकावर बसून पाहिलं. एम.एस्सी. करून आले होते, पण कप उपडा झाला तेव्हा मीही 'अगं बाई!' म्हणून ओरडले. तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "सुरेखा, तू एम.एस्सी.ला हे केलं न्हाईस वाटतं." मी म्हटलं, "वाचलंय, मॅडम." त्यांनी कपाटावरची काचेच्या चंचुपात्रांची एक जोडी काढून माझ्यापुढं ठेवली. दोन्हींत पांढरा गोळा घट्ट अडकलेला, एकात काचकांडीही रोवलेली. "मीबी वाचून केलं होतं. पयल्या वर्षी. काचेत केलं, निघंना. तापवलं, वितळंना. प्राचार्य म्हणाले, दोन बीकर गेले. तवापासून कागदी कप." असल्या चुका त्या कधी लपवत नसत. ती जोडी कपाटावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली असायची.

प्रयोग तसा साधा, बारावीला मुलं तोच स्वतःच्या हातानं करायची. युरिया आणि फॉर्मॅलिन. दोन लहान रेणू एकमेकांना धरत जातात, धरत जातात आणि त्यांचं प्रचंड जाळं होतं. पुस्तकात त्याला बहुवारिक म्हणतात. मॅडम म्हणायच्या, "घरातल्या लाइटचं बटण दाबता ना? तेच हे. प्लायवूड चिकटवतात तो गोंद, तोबी हेच." फॉर्मॅलिन त्या जीवशास्त्राच्या बेडकांच्या बरण्यांसाठी आणलेल्यातून मागून आणत. युरिया आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझे वडील, अण्णा, अर्धापूरचे केळीवाले. आमच्या ओसरीत युरियाचं पोतं कायम असायचं. मी किलोभर पिशवीत घालून आणायची आणि नायगाववरून जाणाऱ्या देगलूर गाडीत मॅडम ती मांडीवर घेऊन बसायच्या. आम्ही दोघी नांदेडहून रोज अप-डाऊन करायचो.

मूळच्या त्या देगलूरच्या. घरात तेलुगू, त्यामुळं रागावल्या की पहिला शब्द 'अय्यो!' आणि दुसरा 'एमैंदि?', म्हणजे काय झालं. आणि रागवायच्या त्या दिवसातून चारदा. खडू फेकायच्या, वही भिरकावायच्या. न बघता आकडा लिहिणाऱ्या मुलाला त्या 'झेरॉक्स' म्हणायच्या. "ए झेरॉक्स, ब्युरेट कुठपर्यंत उतरलं ते वहीत बघतोस का नळीत?" मुलं घाबरायची, पण सुट्टीत त्यांच्याच टेबलाभोवती गर्दी करायची. माझ्यावरही ओरडायच्या. एकदा मी ट्रेमध्ये आम्लाची बाटली चुकीची, हायड्रोक्लोरिकची ठेवली तर माझ्या हातावर सगळ्यांदेखत चापट मारली. फॉर्मॅलिनशेजारी ते आम्ल आलं तर विषारी वाफ होते, हे मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला घरचे मुरकुल, म्हणजे आपल्या चकल्या, दिले आणि म्हणाल्या, "राग गिळ, वाफ गिळू नको." झालं, मिटलं.

मग युरिया बदलला. पोत्यातला युरिया आधी साखरेसारखा पांढरा असायचा. नंतर लिंबोळीच्या तेलाचा थर दिलेला, पिवळसर यायला लागला. त्या जूनमध्ये मी तो नवा युरिया नेला. कप घट्ट झाला आणि मॅडमनी कागद फाडला तर आतला गोळा पिवळा. त्यांनी नाकाशी धरला. "अय्यो, ह्याला तर लिंबोळीचा वास येऊन राहिला!" मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या वेळी आधी विरघळवून गाळून घेऊ. पांढरा येईल." तर कसल्या चिडल्या! "पांढरा पाहिजे म्हणून पांढरा आणायचा का? असं करून राहिलीस तर प्रयोग कशाला, चित्र काढ की! पिवळा आला, पिवळा लिही." त्या वर्षीपासून वर्गातल्या प्रत्येक जर्नलात 'पिवळट घट्ट गोळा' असं लिहिलं जायला लागलं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझं डोकं तापतं.

आमच्या हजेरीपटावर शंभरावर नावं आणि वर्गात साठ-पासष्ट. बाकीची मुलं लातूरला. नाव नायगावला, पोरगं लातूरला क्लासमध्ये, हे आमच्याकडं आईबापांना, प्राचार्यांना, सगळ्या गावाला माहीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलं बारावीच्या प्रॅक्टिकलला एकदम उगवतात. त्यांची जर्नलं लातूरच्या झेरॉक्स सेंटरवर तयार मिळतात, निरीक्षणं आणि आकृत्यांसकट. मुलानं फक्त नाव घालायचं. मग विषयशिक्षकानं पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही करायची, की या विद्यार्थ्यानं हे सर्व प्रयोग प्रयोगशाळेत स्वतः केले आहेत. ती सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही आणि बारावी नाही तर डॉक्टरकी नाही.

लातूरला शिकण्यावर मॅडमचा राग नव्हता. "शिकू दे की. तिथं चांगलं शिकवतात, मी कुठं न्हाई म्हणते? पण वर्षातनं आठ दिवस माझ्याकडं या. हात लावा, हात पोळवून घ्या अन् जा." दर वर्षी त्या पालकांना पत्रं पाठवायच्या. दर वर्षी काही जण यायचे, काही नाही. न येणाऱ्यांना शेवटी दोन दिवस डांबून करवून घ्यायच्या. त्या वर्षी मात्र एकही आला नाही. फेब्रुवारीत क्लासचा एक माणूस खोक्यात भरून एक्केचाळीस जर्नलं घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, सह्या तेवढ्या मारून ठेवा, दुपारी नेतो."

मॅडमनी एकेक जर्नल उघडलं. मी शेजारीच होते. युरियाच्या प्रयोगाच्या पानावर त्या थांबल्या, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जर्नलांत 'पांढराशुभ्र घट्ट गोळा'. झेरॉक्सवाल्यानं कधीकाळच्या, जुन्या युरियाच्या वेळच्या आमच्याच कुणा विद्यार्थ्याचं जर्नल धरून ठेवलं होतं.

"अय्यो!" मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला. "शेतकऱ्यांची लेकरं हायत ही! ओसरीवर युरियाचं पोतं हाय ह्यांच्या! अन् रंग माहीत न्हाई?" एक जर्नल स्वतःकडं ठेवून त्यांनी खोकं त्या माणसाच्या हातात कोंबलं. "जा. सही न्हाई."

मग सुरू झालं. पालकांचे फोन, प्राचार्यांची विनवणी, शेवटी संस्थेचे सचिव. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ गोड बोलणारा माणूस. आवाज कधी चढायचा नाही. "मॅडम, लेकरांचं भविष्य आहे." मॅडम म्हणाल्या, "मला बी कळतं भाऊ. मी सही करते की. आजच करते. आणा त्यांला. एकेक कप करू द्या माझ्यापुढं, दहा मिनिटाचं काम हाय. बाकीचे प्रयोग मी रविवारी करून घेते, माझा रविवार देते." बघा, एवढंच मागत होत्या. मुलांना एक दिवस आणा. भाऊ म्हणाले, "त्यांची टेस्ट सिरीज चालू आहे. यायला जमायचं नाही." स्वतःच्या आयुष्याच्या सहीसाठी यायला एक दिवस मिळेना, आणि दोष कुणाला, तर उत्तरवार मॅडमला!

आठवड्यानं चौकशी समिती बसली. भाऊंची केबिन, भाऊ, प्राचार्य आणि संस्थेचे एक वकील. आरोप असा, की मुलं नियमित हजर होती, प्रयोग त्यांनी केले आणि मॅडम आकसानं सही अडवतायत. हजेरीपटावर एक्केचाळीस जणांच्या हजेऱ्या लागलेल्या. कुणी लावल्या देव जाणे. मॅडमनी टेबलावर दोन जर्नलं उघडून ठेवली, एक वर्गातल्या मुलीचं, एक झेरॉक्सचं. "ही पिवळट लिहिते. हा पांढरा लिहितो. एका दिवशी, एका पोत्यातल्या युरियाचे दोन रंग कसे येतील? हा नव्हताच तिथं."

वकिलांना मुद्दा कळला. त्यांनी मला आत बोलावलं.

मी आत गेले तेव्हा भाऊंच्या हाताखाली माझी फाइल होती. माझ्या कायम मान्यतेचा प्रस्ताव. तीन वर्षं मी त्या एका कागदाची वाट बघत होते. भाऊंनी फाइलचं नावही घेतलं नाही, तिच्यावर नुसता तळहात ठेवला होता. वकील म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या प्रयोगाला हजर असता. गोळ्याचा रंग कोणता येतो?"

मी म्हटलं, "पांढरा, सर."

हे मी केलं. कुणी माझा गळा धरला नव्हता. मला कुणी धमकीही दिली नव्हती. मी स्वतःच्या तोंडानं पांढरा म्हटलं, आणि वर 'पुस्तकातही पांढराच आहे' अशी पुरवणी जोडली. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील, आता काहीतरी फेकतील. त्यांनी जर्नलं मिटली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "युरिया तुझ्याच बापाचा होता गे."

त्यांची बदली संस्थेच्या जळकोटच्या शाखेत झाली. नांदेडहून कंधारला गाडी बदलून जायचं, गुडघे गेलेल्या बाईनं. त्यांच्या जागी एक्केचाळीस प्रमाणपत्रांवर मी सह्या केल्या. दोन तास लागले. मान्यता आली. अण्णांनी अर्धापूरला पेढे वाटले आणि मी ते पेढे खाल्ले. प्रयोगशाळेची पुढच्याच वर्षी 'डिजिटल अभ्यासिका' झाली. कपाटावरची ती दोन चंचुपात्रं भंगारात गेली, आणि तेव्हाही मी काही बोलले नाही.

वर्षभरानं मी जळकोटला गेले. माफी मागायची म्हणून गेले. मॅडमचा तास चालू होता. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, आणि मॅडमच्या हातात कागदी कप. मी दारात उभी राहून सगळं पाहिलं. कप डोक्यावर उपडा झाला, मुलं ओरडली, "बघितलं का?" झालं. गोळा पिवळाच होता. मुलं गेल्यावर मी पायाला हात लावायला वाकले तर त्या दोन पावलं मागं सरकल्या.

"माझी माफी मागून काय करतीस? मला काय झालंय? मला इथं बी पोरं हायत, कप हायत."

"मॅडम, माझी नोकरी..."

"ठावं हाय मला तुझी नोकरी. नोकरीसाठी खोटं बोललीस त्याचा मला राग न्हाई, माय. लई जण बोलतात. पण त्या एक्केचाळीस जणांला आपण काय शिकवलं, सांग. बघायचं न्हाई अन् बघितलं म्हणून लिहायचं. वर त्याच्यावर सही मिळती, हेबी शिकवलं. उद्या हीच लेकरं डॉक्टर होतील. तवा कुणाच्या जिवावर लिहितील?"

मला चहासुद्धा विचारला नाही. मी रडत कंधारच्या गाडीत बसले आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा रागच आला. एवढा काय ताठा, असं वाटलं. मी आलेय ना चालून!

पुढं चार वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांना लकवा झाला. लातूरला एका दवाखान्यात ठेवलंय असं कळलं म्हणून मी गेले. डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, पण मला बघून उजव्या हातानं त्यांनी स्टूल दाखवलं. मी बसले. चारच्या सुमारास एक तरुण डॉक्टर आला, शिकाऊ असावा. पलंगाच्या पायाशी अडकवलेला कागद काढला, फोनकडं बघत त्यावर रक्तदाबाचा आकडा लिहिला आणि पुढच्या पलंगाकडं वळला. बीपीचं यंत्र दाराजवळच्या टेबलावर होतं. त्यानं त्याला हातही लावला नव्हता.

मॅडमच्या घशातून आवाज आला. कुणाला कळला नाही, मला कळला. त्यांनी उजव्या हातानं लोखंडी पलंगावर बांगडी आपटली. दोनदा, तीनदा. डॉक्टर वळला. "काय झालं आजी?" मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या. वाकड्या तोंडातून, लाळ गळत, एकेक अक्षर ओढून काढत त्यांनी त्याला विचारलं, "बघि... तलं... का?"

तो म्हणाला, "काय म्हणतायत?"

मी उठून यंत्र आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "घ्या. बांधा दंडाला." त्यानं बांधलं. यंत्रावरचा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा खूपच वर निघाला. मग धावपळ झाली, सिस्टर आल्या, इंजेक्शन आलं. तो पोरगा घाबरून गेला होता. मी त्याचा चेहरा निरखून पाहत होते, आणि मला काहीच कळत नव्हतं. त्या एक्केचाळीस जणांपैकी एकाचाही चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. तो त्यांच्यातला असता तरी मला ओळखू आला नसता. प्रमाणपत्रावर मात्र मीच लिहून दिलं होतं, की यानं सगळं माझ्यासमोर केलं.

मॅडम आणखी नऊ दिवस होत्या. मी सुट्टी टाकून रोज जायची. त्यांचे केस विंचरायची, तेल लावायची. एकदा म्हटलं, "मॅडम, मी चुकले." त्यांनी डोळे मिटून घेतले. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. नसेलच केलं, आणि बरोबरच आहे ते.

कॉलेजात शोकसभा ठेवली ती त्या डिजिटल अभ्यासिकेतच. मॅडमच्या फोटोला हार. भाऊ अर्धा तास बोलले. मॅडम कशा आदर्श शिक्षिका होत्या, संस्थेसाठी कशा झिजल्या, जळकोटची शाखा त्यांनी किती 'आनंदानं' स्वीकारली. आनंदानं! समोर बारावीची मुलं बसली होती, हजेरीपटावरची अर्धीसुद्धा नव्हती. प्राचार्य म्हणाले, "आता त्यांच्या जवळच्या सहकारी दोन शब्द बोलतील."

मी माइकसमोर गेले. लिहून नेलेला कागद पर्समध्येच ठेवला.

"गोळा पिवळा होता," मी म्हटलं.

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना काय कळणार? पण भाऊंना कळलं. त्यांचा हात खुर्चीवर जागीच थांबला.

"चौकशीत मी पांढरा सांगितला. खोटं सांगितलं. गोळा पिवळा होता, युरिया माझ्याच बापाच्या ओसरीतला होता आणि मॅडम खरं बोलत होत्या. त्या वर्षीच्या एक्केचाळीस सह्या माझ्या आहेत आणि त्या सगळ्या खोट्या आहेत. हे मी लेखी देणार आहे. यंदाची जर्नलं माझ्याकडं यायची आहेत. जो इथं येऊन माझ्यासमोर हातानं कप करणार नाही, त्याला माझी सही मिळणार नाही."

प्राचार्य लगबगीनं उठले. भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं आणि त्यांच्या त्या गोड आवाजात मला म्हणाले, "मॅडम भावुक झाल्यात. पाणी द्या त्यांना. बसा, मॅडम, खाली बसा."

मी बसले नाही.